पालथा ओव्हरसियर

सबनीस ओव्हरसियरला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याचे फक्त पाय दिसले. शीळफाट्याहून कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भर दुपारी, एका मोरीच्या कडेला दोन पाय पालथे पडलेले. पायांत बूट, बुटांना पॉलिश. बाकीचा माणूस खाली लोंबत होता. मला वाटलं, ट्रकने उडवला. मी पाण्याची कळशी घेऊन धावलो आणि गँगमधल्या दोघांना ओरडलो, "पाय धरा रे त्याचे!" आम्ही ओढायला लागलो तसा खालून आवाज आला.

"अहो, ओढू नका! नुसते धरून ठेवा. मला अजून हातभर खाली जायचंय."

असा हा माणूस आमच्या सेक्शनला आला. मी तेव्हा रस्त्याच्या गँगचा मुकादम होतो. शिक्षण तिसरी, तीही अर्धी. पण वीस वर्षं तो रस्ता माझ्या हाताखाली होता आणि ओव्हरसियर म्हणजे काय ते मला माहीत होतं. ओव्हरसियर जीपमधून येतो, खाली न उतरता "काय मुकादम, ठीक?" विचारतो, आपण "ठीक" म्हणतो, जीप जाते. याला जीप नव्हती असं नाही. हा जीप परत पाठवायचा आणि चालायचा. वर मलाही चालवायचा.

मोरी म्हणजे रस्त्याखालून ओढ्यानाल्याचं पाणी जाऊ देणारं बांधकाम, छोटा पूलच. वरून जाणाऱ्याला ती कळतही नाही. सबनीसला रस्त्यावर दुसरं काही दिसायचंच नाही. खिशात लहान हातोडी. मोरी आली की ठोकायचा, कान लावायचा, मग कडेला पालथा पडून डोकं खाली घालायचा. वर येताना केसांत जळमटं आणि तोंडावर हसू. "तब्येत उत्तम आहे हो हिची!" किंवा, "हिला कणकण आहे, म्हादबा." माझं नाव महादू. सगळं खातं मला "ए मुकादम" म्हणायचं. हा म्हादबा म्हणायचा, आणि अहोजाहो करायचा. सुरुवातीला मला वाटलं, चेष्टा करतो.

"तुम्हीही बघा की पडून," तो दर वेळी म्हणायचा.

"मी मुकादम आहे साहेब. चार माणसांत रस्त्यावर लोळायला मी काय म्हैस आहे?"

मी कधी पडलो नाही. मी त्याची छत्री आणि वही धरून ताठ उभा राहायचो. येणाऱ्याजाणाऱ्याला कळायला नको का, की या दोघांत शहाणा कोण ते!

त्याचं एकच पालुपद होतं. "बरी आहे तोवर बघायचं, म्हादबा. मेल्यावर काय, हार घालायचा?" आमच्या खात्याची रीत याच्या बरोबर उलटी. जो रस्ता सगळ्यात मोडला, तो आधी करायचा. ज्या खड्ड्यात कुणी मोठा माणूस आपटला, तो त्याहून आधी. खड्डा बोंबलतो. त्याच्यासाठी मोर्चा येतो, पेपरात फोटो येतो. मोरी बिचारी गप्प असते आणि एक दिवस बसते. हे मला सबनीसने शिकवलं असं मी म्हणणार नाही. मला ते ठाऊकच होतं. पण ते ऐकणारा वरचा माणूस मला पहिल्यांदा भेटला, एवढं कबूल करतो.

माझ्या मोठ्या मुलीच्या लग्नाला त्याला बोलावलं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि साहेबाचा पत्ता नाही. बायको म्हणाली, "तुमचा साहेब उपाशीच गेला वाटतं." मी बाहेर येऊन पाहतो तर मांडवाजवळच्या मोरीपाशी दोन पाय! एका मुठीत अक्षता, दुसऱ्या हातात हातोडी. मी भडकलो. "साहेब, आज तरी माणसांत या!" तर म्हणतो कसा, "अहो, मुलाकडची मंडळी ट्रक भरून परत जाणार. म्हटलं, हिला झेपेल का बघावं. झेपेल. चला, टाळ्या वाजल्या का?" एवढं म्हणून त्याने तिथूनच अक्षता टाकल्या. त्या मोरीवर पडल्या.

नव्वदीच्या सुरुवातीला वरून फतवा आला. जिल्ह्यातला प्रत्येक रस्ता, पूल, मोरी मोजा, त्यांची अवस्था लिहा आणि कोणतं काम कधी करायचं याचा पुढच्या काही वर्षांचा आराखडा द्या. सबनीस लहान पोरासारखा नाचला. "म्हादबा, आता खड्ड्याचं राज्य संपलं!"

बाकीच्या सेक्शनवाल्यांनी आराखडा कसा केला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ठाण्याच्या ऑफिसात, पंख्याखाली, मागची यादी पुढे ठेवून. मागच्या यादीत जे होतं ते या यादीत आलं. मागच्या पुरात वाहून गेलेला एक पूल त्यात "समाधानकारक" होता! मी म्हटलं, तो पूल आता समुद्रात समाधानकारक असेल. कुणी हसलं नाही. हसले असते तर यादी पुन्हा करावी लागली असती.

आम्ही दोघं मात्र अख्खा हिवाळा चाललो. एकेक मोरी. आणि सतरा नंबरपाशी अडलो. जुनी दगडी कमान, वर कठडा, वरून दिवसरात्र खडीचे ट्रक. दुखणं आधी मला कळलं, हे ठासून सांगतो. ट्रक गेला की पूर्वी तिथे एकच ठोका वाजायचा. त्या वर्षी ठोक्यामागून बारीक घरघर यायला लागली. मी म्हणालो, "साहेब, हिचा आवाज फिरलाय." दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तू काम कर. सबनीस पालथा पडला तो अर्धा तास उठला नाही. वर आला आणि म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. नोंद!" आणि वहीत लिहीत बसला. काय लिहिलं मी विचारलं नाही. साहेब लोक लिहितात ते स्वतःच्या नावावर, हे मला माहीत होतं.

मग त्याने भिंतीच्या तड्यांवर काचेच्या बारीक पट्ट्या सिमेंटने बसवल्या. भिंत जराही सरकली की काच तडकणार. महिन्यात तीन तडकल्या. "हिला आराखड्यात पहिला नंबर," सबनीस म्हणाला. "आत्ता धरली तर थोडक्यात वाचेल."

आणि मग आमच्या खात्यालाच सुचेल असं काम झालं. आराखडा पक्का करण्याआधी मोठे साहेब रस्त्यांची अवस्था बघायला येणार, असा निरोप आला. सबनीस त्या दिवशी ठाण्याला तक्ते टाईप करून घेत होता. इकडे डेप्युटीसाहेब जीपमधून आले. "मुकादम, साहेब येतायत. सगळे कठडे, भिंती चुना-गेरूने रंगवून काढ. आणि या काचा कसल्या? फाटक्याला ठिगळ लावल्यागत दिसतंय. उडव."

"साहेब, सबनीससाहेबांनी..."

"ओव्हरसियर मोठा की मी?"

अहो, माणूस दुखणं बघायला येतोय आणि आपण दुखण्याला पावडर लावतोय! हे तेव्हा मला कळलं नाही का? कळलं. पण माझ्या हातचा चुना जिल्ह्यात नाव काढण्याजोगा होता. कुंचा मी दुसऱ्याच्या हाती देत नसे. मी छिन्नी घेतली, काचा उडवल्या, तडे लिंपले आणि दोन हात चुना दिला. खाली गेरूचा पट्टा ओढला, दोरी लावून. सतरा नंबर नवरीसारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. सबनीस कागदांचं भेंडोळं घेऊन बरोबर होता. सतरा नंबरपाशी आला आणि भिंत बघून त्याचा चेहराच उतरला. "साहेब, वरून नका बघू. जरा खाली वाकून बघा," तो सांगत राहिला. साहेबांची पँट पांढरी. ते कठड्यावरून हात फिरवत म्हणाले, "फारच छान ठेवलंय. हे कुणी केलं?" डेप्युटीसाहेबांनी मला पुढे ढकललं. मोठ्या साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. सगळ्या नोकरीत एवढ्या मोठ्या माणसाने हात मिळवला तो तेवढ्या वेळी. सतरा नंबरपुढे "उत्तम" लागलं आणि ती आराखड्यातून गेली.

सबनीसने शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोललो असतो, माझ्याकडे उत्तरं तयार होती. तो नुसता हातोडीने चुन्यावर टिचक्या मारत बसला.

पुढच्या पावसाळ्यात सतरा नंबरची एक भिंत पोट काढून बाहेर आली. माणूस मेला नाही, नशीब. पण अर्धा रस्ता बंद, वाहनांची रांग पार फाट्यापर्यंत, आणि जे काम थोडक्यात झालं असतं त्यासाठी कमानच अर्धी उतरवावी लागली. मग चौकशी. तड्यांवर खुणा होत्या तर त्या काढल्या कुणी? मी वाट बघत होतो. मला विचारलं असतं तर मी छाती पुढे काढून सांगणार होतो, मी काढल्या, आणि कुणाच्या सांगण्यावरून तेही. पण मला कुणी विचारलंच नाही! आणि महिन्याभरात ऐकलं, सबनीस ओव्हरसियर ठाण्याला रेकॉर्ड रूममध्ये गेला.

त्या वेळी माझं डोकं जे फिरलं ते काही वर्षं फिरलेलंच राहिलं. मला वाटलं, पळाला. खुर्ची मिळाली, पंखा मिळाला, रस्ता सुटला. सांगूनही गेला नाही. बायको विचारायची, "तुमचा पालथा साहेब काय म्हणतो?" मी म्हणायचो, "तो आता सरळ झाला. नाव काढू नको त्याचं."

निवृत्त झालो तेव्हा सर्व्हिस बुकात एक पान कमी निघालं, म्हणून ठाण्याला रेकॉर्ड रूममध्ये जावं लागलं. बोलायचं नाही, असं ठरवूनच गेलो. आत कपाटांच्या रांगेत ठकठक ऐकू आली. सबनीस हातोडीने फायली ठेवायच्या घोड्यांचे खांब ठोकत होता. केसांत तीच जळमटं, आता पिकलेल्या केसांत.

"म्हादबा!" तो म्हणाला. "सतराची तब्येत कशी आहे हो?"

मी फक्त सर्व्हिस बुकाचं सांगितलं, तसा तो आत शोधायला गेला. टेबलावर आमची ती वही होती. इतकी वर्षं लोटली तरी टेबलावर! मी उघडली. मला वाचायला वेळ लागतो, पण सतरा हा आकडा मला येतो. एकेक अक्षर लावत गेलो. "आवाज बदलल्याचे प्रथम मुकादम महादू यांनी ओळखले." खाली वेगळ्या शाईत, चौकशीत दिलेल्या जबाबाची नक्कल होती. "काचा माझ्या तोंडी सांगण्यावरून काढल्या. मुकादमाचा दोष नाही." खाली सही.

त्या साली माझी धाकटी लग्नाची होती. नोकरी गेली असती तर काय झालं असतं, हे मला आज समजतं. त्याला तेव्हाच समजलं होतं.

तो सर्व्हिस बुक घेऊन आला. मी वही आपटली. "हे खोटं कुणाला विचारून लिहिलंत? मला काय तोंड नव्हतं?"

"होतं ना," तो म्हणाला. "म्हणूनच घाईने लिहिलं." मग सर्व्हिस बुक माझ्यापुढे सरकवत म्हणाला, "इथे कुणी येत नाही हो. खूप दिवसांनी कुणीतरी माझ्यावर ओरडलं."

मी विचारलं, "तुमची सुट्टी कधी होते?"

"साडेपाचला."

"अर्ज टाका. आत्ताच निघायचंय."

वही आणि त्याची छत्री मी उचलली. बसने शीळफाट्याला उतरलो आणि सतरा नंबरपर्यंत चालत गेलो. तो कडेला जाऊन सावकाश पालथा झाला. गुडघे आता कुरकुरत होते. मी छत्री धरून नेहमीसारखा उभा राहिलो. मग छत्री कठड्याला टेकवली, वही तिच्याशेजारी ठेवली आणि त्याच्या बाजूला पोटावर पडलो. एवढी वर्षं त्या मोरीवरून चाललो, खालून पहिल्यांदाच बघितली. अर्धी कमान जुनी काळी, अर्धी नवी, आणि मधल्या सांध्यात गार वारा.

"सांगा," सबनीस म्हणाला.

वरून खडीचा ट्रक गेला. मी कान लावला.

मागे एक बस करकचून थांबली आणि कुणीतरी ओरडलं, "अरे, दोघं आहेत! पाय धरा रे त्यांचे!"

मी डोकं वर न काढताच ओरडलो, "ओढू नका! नुसते धरून ठेवा."