नाना म्हात्रेंची चाकांची होडी

नाना म्हात्रे आमच्या घरी आले, की बसायच्या आधी चालू मिक्सरला कान लावतात. डोळे मिटून ऐकतात आणि निकाल देतात, "ताकद हाय, अदब न्हाय." बायको चटणी सोडून माझ्याकडे बघते. मी पेपरात तोंड घालतो. आमच्या जावयाबद्दलही नानांचं हेच मत आहे; ते त्यांनी जावयासमोरच दिलं.

नानांनी उभी हयात लाँचच्या इंजिनावर काढली. उरणजवळच्या आमच्या गावातल्या त्यांच्या घरात आता ते आणि त्यांची बायको, आमच्या काकू, दोघंच असतात. काचबिंदूनं नजर गेल्यापासून काकू ओटीवरून हलत नाहीत.

निवृत्त झाल्यावर नानांनी हातभर लांबीची होडी करायला घेतली. दोन्ही बाजूंना फळ्यांची चाकं, ती फिरली की होडी पुढे जाणार. मागे पाण्याखाली फिरणारा पंखा लावला असता तर एका दुपारचं काम होतं. तसं मी म्हणालो, तर माझ्यावरच उखडले. "पंख्याची होडी चोरावाणी जाते, मास्तर. मना चाकंच पायजेत."

गाडं अडलं मोटरपाशी. ती सावकाश फिरायला हवी आणि तिचा आवाज अजिबात नको, असा हट्ट. खेळण्यातल्या गाडीच्या मोटरीनं चाकं अशी गरगरवली, की नुसता फेस झाला. होडी जागची हलेना. ट्रकच्या वायपरची मोटर बेतानं फिरायची, पण तिच्या वजनानं होडी तळ्यात बुडाली आणि नानांना लुंगी खोचून उतरावं लागलं. तिसरीला गियर जोडलेले होते. होडी झोकात निघाली, आम्ही टाळ्या वाजवल्या. नानांचं तोंड मात्र कडू. "गियर किरकिरतो. पाण्याचा आवाज कुठं हाय?"

मग नाना गावभर मोटरी ऐकत हिंडले. पंखे झाले, शिलाई मशीन झाली, दवाखान्यातलं वाफेचं यंत्रसुद्धा झालं. लोक त्यांना बघून दार लावून घेऊ लागले. खोटं कशाला बोलू, मलाही वैताग आला होता. शेवटी बायकोनं माळ्यावरचा जुना टेपरेकॉर्डर काढून त्यांच्यासमोर ठेवला. नानांनी त्याची मोटर कानाशी धरली आणि डोळे मिटले.

"हिला अदब हाय, वैनी."

गियर गेला, रबरी पट्टा आला. मोटरीवर लहान चकती, चाकांच्या दांड्यावर मोठी.

रविवारी संध्याकाळी नाना काकूंना हात धरून तळ्यावर घेऊन आले. त्यांना पायरीवर बसवलं आणि होडी सोडली. मोटर ऐकूच येईना. नुसतं चप, चप, चप. सुकाणू मुद्दाम जरा वाकडं बांधलं होतं, म्हणून होडी गोल फिरायला लागली, आणि काकूंची मान हळूहळू तिच्याबरोबर वळायला लागली.

"तिकडं वडाखाली गेली ना?"

"व्हय."

"आता फिरली."

आम्ही सगळे होडी बघत होतो, नाना काकूंकडे बघत होते.

"लाँचवर व्हतात तवा असं सावकाश कधी बसला न्हाईत माझ्यापाशी," काकू म्हणाल्या.

"तवा ताकद व्हती," नाना म्हणाले, आणि पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.