चिठ्ठी नसलेलं पिस्तूल

घड्याळजींच्या घरात चिठ्ठी नसलेली वस्तू सापडणं अवघड होतं. जुन्या वस्तू जमवायचा त्यांना नाद, आणि प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधायचा त्याहून मोठा नाद. कुठून आली, कधी आली, कोणी दिली, सगळं सुवाच्य अक्षरात. "चिठ्ठी नाही ती वस्तू आपली नाही," हे त्यांचं वाक्य बायकोला आता झोपेतही म्हणता आलं असतं.

त्या सकाळी माळा आवरताना बिस्किटांच्या जुन्या डब्यात त्यांना एक छऱ्यांचं पिस्तूल सापडलं आणि ते शिडीवरच खिळले. साधं नव्हतं ते. अशी पिस्तुलं बहुधा मधोमध मोडून ताणतात. याची मात्र नळीच आत ढकलायची, म्हणजे आतली स्प्रिंग दाबली जाते. फार थोडी बनली होती तशी.

"अगं, हे माझ्याकडे होतं आणि मलाच पत्ता नाही!"

"त्यात काय नवल? सकाळपासून चष्मा शोधताय, तो कपाळावर आहे."

घड्याळजींनी लगेच फोटोग्राफरला फोन लावला. हा त्यांचा चाळीस वर्षांचा मित्र आणि तितक्याच वर्षांचा प्रतिस्पर्धी. त्याच्याकडे नाही असं एकही पिस्तूल घड्याळजींकडे आजवर नव्हतं. "ये लवकर. आणि रडायला रुमाल घेऊन ये."

तो येईपर्यंत त्यांनी शिलाई मशीनचं तेल नळीत सोडलं. दोन थेंब पुरे होते, घाईत बारा पडले.

फोटोग्राफरने पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं. "अस्संच माझ्याकडे होतं रे. मेहुण्याने ढापलं. अठरा वर्षं झाली, मी त्याच्याशी बोललेलो नाही."

"अरेरे," घड्याळजी म्हणाले, पण चेहऱ्यावरचा आनंद काही लपेना. "चालवून दाखवू? छर्रा नाही, नुसती हवा."

"भिंतीकडे तोंड करा हो त्याचं!" आतून बायको ओरडली.

घड्याळजींनी नळी आत ढकलली, पिस्तूल भिंतीकडे रोखलं आणि चाप ओढला. फट्! पांढऱ्या भिंतीवर तेलाचा भलामोठा डाग उमटला, आणि त्यात लाल लाल कण.

"आठ दिवस नाही झाले रंग देऊन!" बायको कपाळाला हात लावत बाहेर आली.

फोटोग्राफर मात्र भिंतीला नाक लावून उभा होता. त्याने एक कण नखावर घेतला. "घड्याळ्या, हे आतल्या वॉशरचं चामडं. लाल. माझ्या बायकोची पर्स कापून मी बसवलं होतं ते."

घड्याळजींना आठवलं. अठरा वर्षांपूर्वी त्यांनीच ते फोटोग्राफरकडून स्प्रिंग बदलायला घेतलं होतं. दोन दिवसांत देतो म्हणाले होते.

"चिठ्ठी नाही ती वस्तू..." बायकोने सुरुवात केली.

"कळलं!" त्यांचे कान लाल झाले होते. पिस्तूल त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केलं. "ने बाबा. चुकलो."

फोटोग्राफरने ते घेतलं, कुरवाळलं, आणि मटकन खुर्चीत बसला.

"तुला दिलं होतं हे मीही साफ विसरलो. आता नेलं तर बायकोला कळणार. मग मेहुण्याची माफी मागायची. मग तो दर रविवारी घरी येणार. गातो रे तो!"

"मग?"

"तुझ्याकडेच राहू दे. पण कोणाला दाखवायचं नाही. कोणालाही नाही!"

आयुष्यातली सर्वांत दुर्मीळ वस्तू घड्याळजींनी पुन्हा डब्यात ठेवली. बायकोने दोरा, कागद आणि पेन पुढे सरकवलं. त्यांनी बराच विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'बिस्किटं'.