तायडेभाऊंच्या जित्त्या इटा

आमच्या घराच्या वास्तुशांतीला सगळे पाहुणे फरशी, किचनचा ओटा, जिन्याचं रेलिंग नावाजत होते, तेव्हा तायडेभाऊ हॉलच्या भिंतीला कान लावून उभे होते. बोटाच्या पेराने टक् टक् करत त्यांनी सगळी भिंत ऐकली आणि भरल्या घरात, भटजींच्या देखत जाहीर केलं, "साहेब, पाडान तवा हजारेक इटा साबूत निंघतीन. बाकी भुगा!"

अहो, होमाचा धूर अजून घरात होता!

मला वाटलं, लोक त्यांना झापतील. कसलं काय! जेवणं झाली आणि चौघंजण त्यांच्या मागे लागले, "भाऊ, आमच्याबी घरी या ना एकखेप ठोकून पाहाले." घर माझं, पूजा माझी, पुरणपोळ्या माझ्या, आणि मान तायडेभाऊंचा.

आता मी कोण? बांधकाम खात्यातला निवृत्त ज्युनियर इंजिनिअर. तीस वर्षं पूल बांधले, रस्ते बांधले, शाळाखोल्या बांधल्या. तायडेभाऊ रेल्वेत गँगमन होते, शिक्षण सातवी. बडनेऱ्यात माझ्या शेजारी एकटे राहतात. बायको गेली, मुलगी अकोल्याला सासरी. कॉलनीत कुणाला साधी संडासाची भिंत उचलायची असली तरी लोक माझ्या दारावरून त्यांच्याकडे जातात. मी समोर पेपर वाचत बसलेला असतो, तर नमस्कारसुद्धा घाईघाईत. जळफळाट होणार नाही का? होतो. सरळ सांगतो.

त्यांचा उद्योग एकच. अमरावतीपर्यंत कुठेही घर पाडायचं असो, हे सायकलवर हजर. मलबा नाल्यात ओतायला निघालेल्या ट्रॅक्टरपुढे आडवे उभे राहतात. "काहून फेकून राहिला बाप्पा? मले दे ना." मग शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर संसार मांडल्यासारखी मांडामांड. खिडक्या इकडे, सळया तिकडे, फुटक्या फरश्या वेगळ्या, काँक्रीटची ढेकळं वेगळी. विटेवरचं सिमेंट गवंड्याच्या बसुलीने खरवडायचं आणि वीट विटेवर वाजवायची. खणखणली की चेहरा फुलतो. "जित्ती हाय!" बद्द वाजली की म्हणतात, "मेली बिचारी," आणि कुटून तिची सुरकी, म्हणजे भुकटी, करतात. पण मेलेलीही फेकत नाहीत.

आमच्या कॉलनीची वाट काळ्या मातीची. पावसाळ्यात पाय वर यायचा, चप्पल खालीच. नगरसेवकाकडे अर्ज कुणी केले? मी. तायडेभाऊंनी काँक्रीटची ढेकळं फोडून अंथरली, वर विटांचा चुरा दाबला, आणि आता शाळेत जाणारी पोरंही तिला 'तायडेभाऊचा रस्ता' म्हणतात. माझ्या अर्जांचं नाव नाही. त्यात माझ्या नव्या घराची फरशी पहिल्याच उन्हाळ्यात खचली. बायको म्हणाली, "भराव टाकायच्या आधी तायडेभाऊजींना विचारलं असतं तर?" तीस वर्षं, बरं का! तीस वर्षं!

आणि पाच वर्षांपासून त्यांचा मला एकच प्रश्न. "साहेब, वलगावचं घर कवा पाडून राहिले?" वलगावला वडिलांचं दोन खोल्यांचं घर होतं, पेढी नदीच्या काठच्या भट्टीतल्या विटांचं. बरीच वर्षं बंद. मला वाटायचं, याचा डोळा आहे माझ्या सागवानी दारांवर. "बघू," म्हणून मी टाळायचो. या मे महिन्यात पाडायचं ठरलं, तेव्हा मुद्दामच त्यांना कळू दिलं नाही. जेसीबी बोलावला, सकाळच्या सकाळी घर भुईसपाट केलं आणि सगळं गावाबाहेरच्या जुन्या खदानीत ओतलं. येताना एक वीट तेवढी आणली, फाटकाला टेकवायला. खोटं कशाला बोलू, फार गार वाटलं.

दुसऱ्या दिवशी मीच हाक मारून सांगितलं, "तायडेभाऊ, पाडलं बरं का वलगावचं. खदानीत टाकलं सगळं." मला त्यांचं तोंड उतरलेलं पाहायचं होतं. ते उतरलं. पण माणूस भांडला नाही. फाटकाची वीट दिसली तसे खाली बसले. ती उचलली, पण वाजवली नाही. तिच्या कडेवरून नुसतं बोट फिरवत राहिले.

"काय पाहता?"

"माही माय पेढीकाठच्या त्या भट्टीवर इटा पाथे, साहेब. ओली इट उभी करताना बोटं उमटतात. तिची करंगळी वाकडी होती, लहानपनीच मोडेल. तिचं बोट तिरपं उमटे." मग बोट तसंच विटेवर ठेवून म्हणाले, "फोटो नाई ना जी तिचा. एकबी नाई. म्हून पाहात असतो."

सागवानी दारं म्हणे! मी शेजारी उकिडवा बसलो. विटेच्या कडेला खरंच चार खळगे होते, बोटांचे. एवढी वर्षं आमच्या भिंतीत होते आणि मला इंजिनिअर असून दिसले नव्हते.

"हीच का?" मी विचारलं.

त्यांनी आपली बोटं एकेक करून खळग्यांत ठेवली. चारही सरळ बसली.

"तिची नाई हे."

मी वीट परत फाटकाला लावायला हात पुढे केला. पण त्यांनी ती दुपट्ट्याने पुसली आणि बगलेत मारली.

"अहो, तुमच्या आईची नाही ना ती?"

"नसंन. कोनाच्या तरी मायची तं हाय."

मी आत जाऊन स्कूटरची किल्ली घेऊन आलो. खदान कुठली ते मलाच माहीत होतं.

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघं त्या खदानीत बसतो. ते विटा वाजवतात, मी कडा पाहतो. तिरपी करंगळी अजून सापडलेली नाही. काल एक ट्रॅक्टरवाला वरून ओरडला, "काय तायडेभाऊ, नवा मानूस लावला का हाताखाली?"

एरवी मी त्याला माझं पद, खातं, सगळं ऐकवलं असतं. पण हातातल्या विटेच्या कडेला माती बसली होती, ती पुसत होतो.