वजा तीन

फिटिंगवाल्या बाईंनी जेवणाचं टेबल करायला टाकलं, तेव्हा सुताराने एकच प्रश्न विचारला, "किती माणसं?" आणि बाई सवयीने म्हणून गेल्या, "चार." म्हटल्यावर जीभ चावली, पण दुरुस्ती केली नाही. नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. आता सुताराला काय सांगायचं, एक माणूस कमी करा म्हणून? टेबलाला तीन बाजू थोड्याच असतात! राहू देत चार.

टेबल हवं होतं, कारण घरात कोणी कोणाबरोबर जेवतच नव्हतं. मोठी, म्हणजे प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासणारी लेक, ताट घेऊन खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. धाकटा कॉलेजातून आला की टीव्हीसमोर पसरायचा. बाई स्वतः ओट्याशी उभ्याने चार घास पोटात ढकलायच्या. जुनं घडीचं टेबल होतं, त्यानेही नवऱ्यामागोमाग महिन्याभरात मान टाकली, आणि खरं सांगायचं तर बाईंना तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं. बसून जेवलं की समोरची रिकामी जागा दिसायची. उभ्याने जेवलं की भिंत दिसायची. भिंतीने कोणाचं काय वाईट केलंय!

पण असं किती दिवस चालणार? या शनिवारी संध्याकाळी तिघं एका टेबलाशी बसून जेवणार म्हणजे जेवणार, असं बाईंनी पक्कं ठरवलं. पोरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोघांनाही नेमकं शनिवारीच काम निघालं असतं.

आता टेपचं सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिने केला. घरातली माप घ्यायची टेप तीनपासून सुरू व्हायची. धाकटा चार वर्षांचा असताना त्याने पहिले तीन इंच कात्रीने उडवले होते. त्यामुळे कशाचंही माप तीन इंच जास्तच यायचं. नवी टेप आणू म्हटलं, तर नवरा म्हणाला, "अगं, तीन इंचांसाठी आख्खी टेप टाकतात का?" झालं! बाई संध्याकाळी घरी गिऱ्हाइकांची मापं घ्यायच्या, नवरा वही घेऊन बसायचा आणि प्रत्येक आकड्यावर मोठ्याने म्हणायचा, "वजा तीन." चाळीस, वजा तीन, सदतीस. पंधरा वर्षं हे चाललं. तो गेल्यावर बाईंनी घरचं काम बंद केलं आणि कपड्यांच्या दुकानात फिटिंगला लागल्या. तिथली टेप धड होती.

टेबल वर चढेल ना, हे बघायला बाईंनी मोठीला जिना मोजायला लावला होता. कारण सांगितलं, पत्र्याची पेटी आणायची आहे. मोठीने एका कानाला फोन लावून, एका हाताने त्याच टेपने मोजलं आणि तिथूनच ओरडली, "जिना बत्तीस, दार एकतीस!" बाईंनी तसंच्या तसं लिहून घेतलं. वजा करणारा माणूस घरात नाही, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

सुताराने तीस इंच उंचीचं, अस्सल लाकडाचं, पाय पक्के चिकटवलेलं टेबल केलं. "आडवं करून नेलं की तीस इंच लागतात. जिना बत्तीस, दार एकतीस. लोण्यातून सुरी जाईल, बाई!"

शनिवारी बाईंनी दुकानातून अर्धी सुट्टी टाकली. तीन वाजता सुतार, त्याचा मेहुणा आणि टेबल असे तिघं जिना चढू लागले. मागे चार खुर्च्या घेऊन बाईंच्या फेऱ्या. दोन मजले छान गेले. तिसऱ्या मजल्याच्या जिन्याला लोखंडी कठडा होता. तिथे टेबल जरा घासलं. सुतार म्हणाला, "रेटा!" मेहुण्याने रेटलं. भिंतीचा पोपडा उडाला आणि टेबल जे बसलं ते बसलं. ना वर, ना खाली.

आवाज ऐकून दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर बाहेर आले. त्यांना चाळीस वर्षं शिकवायची सवय आणि आता ऐकणारं कोणी नाही. "आधी पाय आत घाला! मग कोन साधा!" सुताराने कोन साधला. टेबल आणखी घट्ट बसलं.

"कठडा काढता येईल का हो?" बाईंनी विचारलं.

"कठड्याला हात लावायचा नाही!" मास्तर गरजले. "तो सगळ्या इमारतीचा आहे."

सुताराने खिशातली पोलादी टेप काढली. जिना मोजला, टेबलावरून चढून वर गेला, दार मोजलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, जिना एकोणतीस आहे. दार अठ्ठावीस. बत्तीस कोणी सांगितलं तुम्हाला?"

बाईंच्या तोंडून आपोआप निघालं, "वजा तीन." इतके दिवस त्या माणसाच्या आठवणीने रडल्या होत्या, पण तो नक्की काय काय करायचा हे त्यांना आज जिन्यात कळत होतं.

तेवढ्यात सुतार वरून ओरडला, "अहो, ही एवढी मोठी बॅग कोणी ठेवलीय मध्ये? हलवा ती, पाय ठेवायला जागा नाही!"

टेबलापलीकडे दारात मोठी उभी होती, बाहेर जायच्या कपड्यांत. तिच्या मागे धाकटा, चोरी पकडल्यासारखा.

"कुठे निघालीस?" बाईंनी विचारलं.

"तू पाचला येणार होतीस ना?"

"मी काय विचारलं?"

"खोली घेतलीय. लॅबमधल्या मैत्रिणीबरोबर. तिथे पोचल्यावर मेसेज करणार होते."

"मेसेज!" बाई म्हणाल्या. "आईला मेसेज! आणि तुला माहीत होतं रे?"

धाकटा म्हणाला, "तिने शपथ घातली होती."

"ताई," मास्तर खालून समजुतीने म्हणाले, "मुलांशी समोरासमोर बसून बोलावं. मी नेहमी सांगतो..."

"मास्तर, तुम्ही आत जा!" मायलेकी एका सुरात म्हणाल्या. मास्तर गेले, पण दार उघडं ठेवून.

"काय कमी पडलं गं तुला या घरात?" बाईंचा आवाज चढला.

"कमी काही नाही! तू दीड वर्ष उभ्याने जेवतेस, आई. आम्ही बसलो की गुन्हा केल्यासारखं वाटतं. घास उतरत नाही. म्हणून मी खोलीत जाते. बाबा गेले, ते आमचेही गेलेत!"

बाईंना कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "अगं, मग बसायलाच आणलंय ना हे! तुमच्यासाठी मरमर करून आणलंय!"

"मला वाटलं, पेटी येणार आहे."

"जायचंय ना? जा! ये टेबलावर पाय देऊन!"

मोठीने टेबलाकडे पाहिलं. नवं पॉलिश चमकत होतं. तिने पाय उचलला आणि परत खाली ठेवला. "नाही देणार पाय," ती म्हणाली आणि दारातच रडायला लागली. बाई इकडे रडत होत्या. दीड वर्षात पहिल्यांदा सगळं घर एका टेबलाभोवती जमलं होतं, आणि मध्ये सुताराचा मेहुणा घाम पुसत उभा होता.

शेवटी सुतारानेच तोंड उघडलं. "बाई, एकच उपाय. चारही पाय तीन-तीन इंच कापतो. सत्तावीसचं होईल. दारातून जाईल."

कापले. टेबल आत गेलं. खुर्ची लावून बघितली, तर गुडघे फळीखाली शिरेनात.

"आता खुर्च्याही कापायला हव्यात," सुतार करवत पुसत म्हणाला. "चारही कापू?"

बाई चारही खुर्च्यांकडे बघत राहिल्या. एकदा चुकून चार म्हटलं, त्याची ही शिक्षा. या वेळी हिशेब नीट करायचा होता.

"तीनच कापा."

"दोन सांग, आई," मोठी हळूच म्हणाली. "मी जाणारच आहे."

"जा. मी अडवत नाही. पण खुर्च्या तीनच कापणार."

पाच वाजता मोठी बॅग घेऊन गेली. रात्रीच्या जेवणाला बाई बसल्या, धाकट्यासमोर, ठरवल्याप्रमाणे. शेजारची बुटकी खुर्ची रिकामी होती. उंच खुर्ची भिंतीशी लावून ठेवली होती. उभ्याने टाळलं होतं ते एक रिकामपण. आता दोन समोर येऊन बसली होती. धाकटा म्हणाला, "टेबल छान आहे." बाईंना त्याचं डोकं फोडावंसं वाटलं, पण त्या म्हणाल्या, "जेव."

पुढच्या रविवारी दुपारी बेल वाजली. मोठी आली होती, आणि बरोबर खोलीतली मैत्रीण. ताडमाड उंच, हसरी पोर. "काकू, हिच्याकडून तुमच्या टेबलाचं इतकं ऐकलंय!"

चार ताटं वाढली. मैत्रिणीच्या वाट्याला उंच खुर्ची आली. ती बसली आणि तिचे गुडघे फळीवर खाडकन आदळले. "नाही, नाही, ठीक आहे काकू," म्हणत बिचारी ताट मांडीवर घेऊन तिरकी बसली. ते काही बाईंना बघवेना.

"ऊठ गं, तू माझ्या खुर्चीवर बस."

"आणि तू?" मोठीने विचारलं.

"मला सवय आहे." बाई ताट घेऊन ओट्याशी गेल्या आणि उभ्याने जेवू लागल्या. मागे दीड वर्षानंतर तीन माणसांच्या हसण्याबोलण्याचा आवाज होता. त्यांना वाटत होतं तो आवाज ऐकून बरं वाटेल. बरं वाटलंही, पण त्या टेबलाशी त्या स्वतः नव्हत्या. पहिल्यांदा वजा करायला विसरल्या, दुसऱ्यांदा आठवणीने वजा केलं, आणि दोन्ही वेळा चुकलं.

जेवता जेवताच त्यांनी सुताराला फोन लावला. "उद्या या. एक खुर्ची कापायची राहिलीय."

"तेव्हाच म्हटलं होतं ना, बाई, चारही कापतो म्हणून?"

"तेव्हा ती ह्यांची होती."

सुतार म्हणाला, "बरं. तीनच इंच ना?"

"तुमची टेप घेऊन या," बाई म्हणाल्या, "माझ्यावर विसंबू नका."