खुनी कोण? आईला विचारतो

शहापूरच्या वाचनालयात अंकुश दर सोमवारी पुस्तक बदलायला जायचा, पण वाचायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. तो जायचा तिथल्या टेबलावर बसणाऱ्या रुचितासाठी. मोटारपंप दुरुस्त करणारा गडी, दुसरं निमित्त आणणार कुठून? पुस्तक वाचायची त्याची आई, दीपमाला. जेवताना ती गोष्ट सांगायची आणि पोरगा ती आईच्या मतांसकट रुचिताला ऐकवायचा.

"थ्या बाईनं नवऱ्याले पहिल्याच पानावर सोडाले पाह्यजे होतं," तो एकदा म्हणाला आणि रुचिता पोट धरून हसली.

झालं! ती हौसेनं नवंनवं काढून देऊ लागली. प्रवासवर्णन वाचून दीपमालाबाईंना हिमालयात जायची घाई झाली. विज्ञानकथेपायी वरण करपलं. भुताच्या गोष्टी ऐकून बाप टेकचंद अंधारात धानाला पाणी द्यायला जाईना.

"पुस्तकं आननं बंद कर रे बाप्पा!"

"बंद कसं करू बाबा?" अंकुश कळवळून म्हणायचा.

मग एक रहस्यकथा आली आणि नेमका धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लागली. आईला फुरसत मिळेना. सोमवारी पुस्तक तिच्याकडेच ठेवून अंकुश रिकाम्या हातानं गेला.

"सांगा ना, खुनी कोन?" रुचितानं विचारलं. "मी अर्ध्यातच तुम्हाले देलं थे पुस्तक. राहवत नाही आता."

"सांगतो ना. एक फोन करून येतो."

त्याचा फोन जुना, स्पीकरशिवाय ऐकूच यायचं नाही. बाहेर खिडकीखाली उभा राहून तो ओरडला, "आई, खून कोनं केला?"

शेजारच्या टपरीवरचा माणूस चहा तसाच ठेवून चालता झाला.

"बांधावर बसून थेच वाचून राहिली ना!" आईनं तिकडून झापलं. "शेवटचं पान हाये. पोरगी तुले पसंत, अन् डोळे मी फोडू!"

वर खिडकी उघडली. रुचिता! अंकुशला वाटलं, संपलं सगळं. तिनं हात पुढे केला. "द्या इकडं. काकू, मी रुचिता. मले तर माळ्यावर संशय हाये."

"मलेई होता पोरी! पन थो नोहे. आयक."

दीपमालाबाई मोठ्यानं वाचू लागल्या. रोवण्याच्या बाया भाकरी हातात धरून भोवती जमल्या. इकडे रुचिता फोनकडे कान देऊन, श्वास रोखून. खुनी सापडला तसा बांधावर एकच गलका झाला, "म्हटली होती मी!"

फोन परत देत रुचिता म्हणाली, "म्हंजे मतं सारे काकूचे. तुमचं काहीच नाही?"

"मी तुम्हाले पाहाले येत होतो," अंकुश खाली बघत म्हणाला. आता खोटं बोलायला उरलं तरी काय होतं!

रुचिता लाजली. लहान मुलांच्या कपाटातून तिनं एक पातळ पुस्तक काढलं. "हे सोता वाचा. रविवारी काकूले भेटाले येईन, तवा विचारीन."

थांब्यावर अंकुशसमोर गावाची एक एसटी आली, गेली. दुसरीही गेली. शेवटी आईचा फोन आला.

"काहून आला नाहीस रे अजून? पोरगी काय म्हनली?"

"थांब वं माय," अंकुश पान उलटत म्हणाला, "कोल्हा सशाच्या दारात उभा हाये."