आजोबांनी रंगवलेली करंगळी

थोरल्या लेकाच्या घरी पाळणा हलला, त्या वर्षीची ही गोष्ट.

"बाबा, आज पोलिओवाले येतील. बाळाला थेंब पाजून घ्या हं, विसरू नका," कारखान्यात निघताना सूनबाई म्हणाली.

"अगं, चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या मी! दोन थेंब पाजायचे तर माझा हात कापेल होय?"

ती गेली आणि बाळानं भोकाड पसरलं. खांद्यावर घेतलं, भोकाड! खाली ठेवलं, भोकाड! दोन तासांनी, आजोबांची कंबर मोडायच्या बेताला आल्यावर, ते एकदाचं झोपलं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचं पोर किंचाळलं. पोलिओवाले आले!

"आता हा उठला तर मीच आडवा होईन!" आजोबांनी कपाळावर हात मारला. मग त्यांना सुचलं. थेंब पाजले की बाळाच्या डाव्या करंगळीवर जांभळी खूण करतात. घरात शिक्क्याची शाई होती, बारीक कुंचला होता आणि हात तर होताच! खरे थेंब संध्याकाळी केंद्रावर पाजून आणू, असं ठरवून त्यांनी अशी खूण काढली की खरी तिच्यापुढं खोटी वाटावी!

नर्सबाईंनी दारातूनच करंगळी पाहिली. "सकाळीच केंद्रावर जाऊन आलात? वा, आजोबा! सगळे तुमच्यासारखे असते तर!" दारावर खडूनं रेघ ओढून त्या पुढं गेल्या.

बाळ उठलं चारला. केंद्र बंद होणार पाचला. पण खूण असलेल्या बाळाला थेंब पाजणार कोण? आजोबांनी साबण लावला, तेल लावलं, ओल्या फडक्यानं पुसून काढलं. करंगळी लाल झाली, खूण जांभळी ती जांभळीच! इतका पक्का रंग जन्मात एका पाटीवर बसला नव्हता मेला!

केंद्रावर ही रांग! आणि टेबलाशी नेमक्या त्याच नर्सबाई.

"आजोबा? तुम्ही परत?"

आजोबांनी बाळाची करंगळी मुठीत लपवली. पोलिओनं लुळा झालेला थोरल्या भावाचा पाय त्यांनी जन्मभर पाहिला होता. तो आठवला आणि लाज गेली खड्ड्यात.

"बाई, ती खूण मी रंगवलीय! बाळाला थेंब मिळालेलेच नाहीत!"

सगळी रांग खो खो हसत सुटली.

"अहो, खूण खरी असती तरी पाजले असते की!" नर्सबाई म्हणाल्या. "दोन थेंब जास्त गेले तर काही बिघडत नाही. चुकले तर बिघडतं. आणि बाळ झोपलेलं असलं तरी उठवायचं, आजोबा!"

म्हणजे एवढी बोंब मारायची गरजच नव्हती!

बाळानं थेंब थुंकले. नर्सबाईंनी परत पाजले आणि वरून आपली खूण केली. ती वाकडी.

"जरा सरळ ओढली असती तर..." आजोबा पुटपुटले.

"बाबा!"

मागं सूनबाई उभी. अर्धी रजा टाकून आली होती आणि सगळं ऐकलं होतं.

पुढच्या प्रत्येक डोसाला तिनं स्वतः रजा काढली. आजोबांकडं काम उरलं ते बाळाची टोपी धरायचं. तेही त्यांनी चोख केलं. नातवाला पाच वर्षं पूर्ण झाली, त्याच वर्षी, शेवटच्या डोसानंतर दोन महिन्यांनी आजोबा वारले.