लग्नापासून सत्तर

बॅग भरावी तर मीच! ही बढाई नाही, हवं तर माझ्या बायकोला विचारा. नको, सध्या तिला काहीच विचारू नका.

परदेशवारीचा शेवटचा दिवस. संध्याकाळचं विमान. एका बॅगेत तेवीस किलो चालणार होते आणि आमची बॅग एकच. त्यात बायकोनं तिच्या ताईसाठी जाड बुडाची कढई घेतलेली. ताईनं निघतानाच बजावलं होतं, "मला दुसरं काही नको, कढई आण!" आणि विमानतळावर आम्हाला घ्यायला ताईच येणार होती.

हॉटेलच्या बाथरूममध्ये वजनकाटा होता, पण बॅग त्यावर धड उभी राहीना.

"सोपं आहे गं! मी बॅग घेऊन चढतो. येईल त्यातून माझे सत्तर वजा कर."

"आधी नुसते उभे राहा ना."

"कशाला? लग्नापासून सत्तर म्हणजे सत्तर!"

मी चढलो. आकडा मला दिसेना. बॅग आड येत होती, असं आपलं मी म्हणतो. बायकोनं वाकून वाचला, वजाबाकी केली आणि मटकन खाली बसली.

"अहो, चौतीस!"

"घाबरतेस काय? कपडे मी अंगावर घालतो!"

तीन शर्ट, दोन स्वेटर, वर कोट. पुन्हा चढलो. पुन्हा चौतीस!

"एवढे कपडे काढले तरी तेवढंच?"

"कपड्यांना कुठे वजन असतं? जड वस्तू काढ!"

कप निघाले, जॅमच्या बाटल्या निघाल्या, माझे बूट निघाले. वजाबाकी काही तेवीसवर येईना. शेवटी राहिली कढई. बायकोनं ती पोटाशी धरली.

"ही नाही हं! ताईला काय तोंड दाखवू मी?"

"मग दंड भर!"

कढईही बाहेर राहिली, तेव्हा कुठे तेवीस झाले. काढलेलं सगळं सामान, कढईसकट, खोली झाडायला आलेल्या बाईला दिलं. ती हरखून गेली. बायको रडायचीच बाकी होती.

विमानतळावर मी घामानं निथळत बॅग पट्ट्यावर ठेवली. सात किलो!

"अजून सोळा चालतील," काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली.

बायकोनं बॅगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. रोजच्या फुकट नाश्त्याला मी भरलेल्या बश्या तिला आठवल्या असाव्यात.

"बॅग उतरवा. तुम्ही चढा."

"अगं, लोक बघतायत!"

"चढा म्हणते ना!"

चढलो. शहाऐंशी! काउंटरवरच्या मुलीनं हसू लपवायला तोंडावर हात धरला.

"हे कपड्यांचं आहे गं," मी पुटपुटलो.

"कपड्यांना कुठे वजन असतं?" बायको म्हणाली.

विमान उतरलं, तर ताई विमानतळाच्या दारातच उभी होती. "आणलीस का गं कढई?"

बायकोनं माझ्याकडे बोट केलं. "तिच्या जागी हे वजन आणलंय. तूच उतरव आता!"

तेव्हापासून ताई रोज पहाटे मला फरफटत फिरायला नेते. कढईएवढं उतरल्याशिवाय सोडणार नाही म्हणते. कालच काट्यावर उभं केलं होतं. आकडा सांगत नाही. अंगात स्वेटर होता!